एएची मीटिंग शोधायची कुठे आणि पहिले दोन महिने तिथे टिकायचं कसं

कऱ्हाडजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे: धाकटा भाऊ 38 वर्षांचा, साखर कारखान्यात पाळीवर कामाला. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून दोन आठवड्यांपूर्वी घरी आला. निघताना त्याला 'एएच्या मीटिंगला जात राहा' एवढंच सांगितलं. तो म्हणतो, 'तिथे बेवडे जमतात, मी आता बरा आहे. आणि कुणी बघितलं तर गावभर होईल.' मीटिंग शोधायची कुठे, तिथे होतं काय, मी सोबत जाऊ का, आणि हे धर्माचं काही आहे का?

ताई, केंद्रातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. केंद्रात दारू समोर येत नव्हती. आता तोच रस्ता आहे, तेच मित्र आहेत, पगाराची तारीख आहे. अंगातली दारू उतरली आहे, पण संध्याकाळी सात वाजता काय करायचं याचं उत्तर त्याच्याकडे अजून नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना. तिची मीटिंग नेमकं तेच उत्तर देते. म्हणून तुम्ही आत्ताच विचारलंत ते फार बरं केलंत. व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशक म्हणून इतकी वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे की मीटिंगचा पत्ता मिळवायला अर्धा तास पुरतो, पण तिथे पहिले दोन महिने जाणं होईल अशी घडी बसवायला घरच्यांनी आणि त्याने मिळून डोकं लावावं लागतं. बरेचजण पहिल्या मीटिंगनंतर सुटत नाहीत, ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुटतात.

आधी पत्ता. एए इंडियाच्या अधिकृत संकेतस्थळावर गाव किंवा शहर टाकून मीटिंग शोधता येते. वार, वेळ, जागा, भाषा आणि संपर्काचा नंबर मिळतो. पुण्या-मुंबईत आणि गोव्यात रोज कुठे ना कुठे मीटिंग असते. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातले काही दिवस, आणि तालुक्याला एखादा गट असला तर असतो. दुसरा मार्ग म्हणजे भाऊ ज्या केंद्रात होता तिथल्या समुपदेशकांना फोन करणं. बहुतेक चांगल्या केंद्रांत एएचे सभासद येऊन मीटिंग घेतात, त्यामुळे आपल्या भागातला माणूस कोण हे त्यांना माहीत असतं. मला हा मार्ग जास्त आवडतो, कारण त्यातून पत्त्याबरोबर एक ओळखीचा आवाज मिळतो. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही विचारा. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन 14446 आहे, आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस 14416. दोन्हीकडे जवळच्या सेवेची माहिती मिळते.

पत्ता मिळाला की निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या. गटांकडे स्वतःची जागा क्वचितच असते. शाळेची खोली, चर्चचा हॉल, समाजमंदिर असं काहीतरी नाममात्र भाड्याने घेतलेलं असतं. परीक्षा आल्या, निवडणुकीत शाळेत मतदान केंद्र लागलं, गणपतीत हॉल मंडळाकडे गेला, की त्या आठवड्यापुरती जागा बदलते. नवा माणूस कसाबसा धीर करून जातो आणि दाराला कुलूप बघून परत फिरतो. असा परत फिरलेला माणूस पुन्हा सहजी निघत नाही. हे मी पुष्कळ वेळा बघितलं आहे.

हा फोन भावानेच करावा. तुम्ही नंबर काढून द्या, शेजारी बसा, पण बोलू दे त्याला. पलीकडे पगारी कर्मचारी नसतो. एकेकाळी स्वतः पिणारा आणि आता न पिणारा माणूस असतो, आणि त्याला बोलायचं असतं ते पिणाऱ्याशी. 'मी अमुक गावचा, महिनाभर केंद्रात होतो, मीटिंगला यायचंय, जागा सापडेल का?' एवढं वाक्य पुरतं. बहुतेक वेळा पलीकडून विचारणा होते, 'स्टँडवर घ्यायला येऊ का?' भावाने हो म्हणावं. घरी येऊन बोलण्याचीही पद्धत आहे. सहसा दोघे मिळून येतात, त्याची तयारी असेल तरच येतात, आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

आता तिथे काय होतं ते जरा सविस्तर सांगते, कारण भीती सगळी त्या खोलीबद्दल असते. साधारण तास-दीड तासाची बैठक. खुर्च्या किंवा सतरंजी, भिंतीवर 'आजचा दिवस', 'जगा आणि जगू द्या' अशा पाट्या. त्या दिवशीचा चेअरपर्सन सुरुवात करतो. थोडं मौन, एक छोटी प्रार्थना, बारा पायऱ्यांचं, म्हणजे न पिता राहण्यासाठी एएने सांगितलेल्या बारा टप्प्यांचं, किंवा एएच्या पुस्तकातल्या एखाद्या भागाचं वाचन. मग एकेकजण आपलं नाव सांगून 'मी अल्कोहोलिक' म्हणतो आणि स्वतःबद्दल बोलतो. प्यायला कसा लागलो, काय गमावलं, आज न पिता कसा राहिलो. याला तिथे शेअरिंग म्हणतात. कुणी बोलत असताना मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, सल्ला देत नाही, 'असं का केलंस' म्हणत नाही. ऐकतात, संपलं की थँक्यू म्हणतात आणि पुढचा बोलतो. नव्या माणसाला बोलण्याची सक्ती नसते. 'आज फक्त ऐकतो' म्हटलं तरी चालतं. हजेरीचा तक्ता नाही, आधार कार्ड नाही, आडनाव विचारत नाहीत. फी नाही. शेवटी एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात सभासद जमेल तेवढे टाकतात, आणि त्यावर भाडं, चहा, पुस्तकं भागतात. नव्याने काही टाकायची गरज नाही. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही हा त्यांचा नियमच आहे.

खरं काम पुष्कळदा मीटिंग संपल्यावर होतं, त्या चहाच्या दहा-पंधरा मिनिटांत. भावाला सांगा की संपल्यासंपल्या चप्पल घालून निघू नको. दोन-तीन जणांचे फोन नंबर घे. त्यातला एक तरी त्याच्यासारखा पाळीवर काम करणारा निघाला तर सोन्याहून पिवळं. दारूची तीव्र ओढ लागते तेव्हा ती सहसा काही मिनिटांची असते, आणि ती मिनिटं फोनवर निघून जातात. एक गोष्ट मात्र त्याने आधीच करायला हवी: ओढ नसताना त्या नंबरावर एक साधा फोन, 'काय चाललंय' एवढ्यासाठी. ज्याला कधीच फोन केलेला नाही त्याला रात्री साडेदहाला पहिल्यांदा फोन करायला कुणाचा हात धजत नाही.

'तिथे बेवडे जमतात' हे तो म्हणतो त्याचा राग धरू नका. आलेला जवळजवळ प्रत्येकजण असंच म्हणत आलेला असतो. तिथे त्याला शिक्षक भेटतील, एसटीचे चालक भेटतील, दुकानदार, वकील, शेतकरी भेटतील. काहीजण त्याच्यापेक्षा खूप खाली जाऊन आलेले, काही त्याच्याइतकेही नाहीत. एएत येण्याची अट एकच आहे, दारू थांबवायची इच्छा. किती पीत होता, नोकरी गेली की राहिली, याची मोजणी नाही. या संघटनेची सुरुवातही दोन चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांपासून झाली. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारात काम करणारा माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शस्त्रवैद्य भेटले, आणि एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलला की दोघेही न पिता राहू शकतात हे त्यांना उमगलं. भारतात हे काम 1957 पासून आहे. भावाला म्हणा, 'तू वेगळा असशील, मान्य. सहा मीटिंगा बसून बघ आणि मग सांग.' सहा अशासाठी की एका मीटिंगवरून गट कळत नाही. एखाद्या दिवशी तीनच माणसं असतात, एखाद्या दिवशी एकच माणूस लांबण लावतो.

गावभर होण्याची भीती खोटी नाही. पुण्यात माणूस गर्दीत हरवतो, कऱ्हाडच्या आसपास प्रत्येकाचा पाहुणा प्रत्येकाला ओळखतो. यावर दोन गोष्टी सांगते. पहिली अशी की सुरुवातीच्या काही मीटिंगा मुद्दाम बाहेर करायला हरकत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंना एसटीने तासा-दोन तासांचं अंतर आहे. ओळख झाली, धीर आला, की जवळच्या गटात बसता येईल. दुसरी गोष्ट जरा कडवट आहे, पण बोलायला हवी. तो पीत होता हे गावाला माहीत आहे. स्टँडजवळ पडलेला बघितला असेल, पाहुण्यांसमोर आवाज चढवलेला ऐकला असेल. मीटिंगला जाताना दिसला तर गावाला कळेल ते एवढंच की हा आता काहीतरी करतोय. आणि खोलीत ओळखीचा कुणी भेटलाच, तर तोही त्याच कारणासाठी आलेला असतो. कोण आलं, काय बोललं हे बाहेर सांगायचं नाही हा एएचा पाया आहे, आणि माझ्या अनुभवात लोक तो मनापासून पाळतात.

धर्माबद्दल. एए कुठल्याही धर्माची नाही. पायऱ्यांमध्ये देव आणि 'आपल्यापेक्षा मोठी शक्ती' हे शब्द येतात, आणि 'आपल्याला समजेल तसा देव' असंही लगेच येतं. वारीला जाणाऱ्यांना विठ्ठल जवळचा वाटतो. देव न मानणारे कितीतरी सभासद सरळ सांगतात की माझ्यासाठी ती शक्ती म्हणजे हा गट, कारण जे मला एकट्याला जमलं नाही ते या खोलीत जमलं. कुणी आग्रह केला तर 'मी माझं बघतो' म्हणायची पूर्ण मुभा आहे.

आपल्याकडे दारू सोडवायची जुनी रीत म्हणजे शपथ. माळ घालायची, मुलाच्या डोक्यावर हात ठेवायचा, देवळात नेऊन जन्मभराचं वचन घ्यायचं. माळेमुळे सुटलेली माणसं मी बघितली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जन्मभराची शपथ एकदा मोडली की माणूस स्वतःच्या नजरेतून इतका उतरतो की त्या शरमेपायीच पुढचे दोन महिने पितो. एएत वचन एका दिवसाचं असतं. आज पहिला पेग घ्यायचा नाही, उद्याचं उद्या. म्हणून तुम्ही घरच्यांनी कृपा करून त्याच्याकडून नवी शपथ मागू नका. त्याने आधीच माळ घातलेली असेल तर राहू द्या, मीटिंगच्या आड ती येत नाही.

आता पाळीचं. कारखान्यातल्या माणसाची मीटिंग सुटते ती बहुतेक पाळीमुळे. मीटिंग संध्याकाळी, आणि चार ते बाराची पाळी लागली की तो आठवडा कोरडा जातो. गळीत हंगामात तर रजाही मिळत नाही. कोविडपासून ऑनलाइन मीटिंगा सुरू झाल्या त्या चालूच आहेत, मराठीत, हिंदीत, वेगवेगळ्या वेळांना. परदेशी असलेले मराठी लोकही त्यांत बसतात. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात सकाळची ऑनलाइन आणि रविवारी प्रत्यक्ष, बाकीच्या आठवड्यांत संध्याकाळची प्रत्यक्ष, असं एका कागदावर महिन्याचं वेळापत्रक मांडा. नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा कर असं जुने सभासद सांगतात. तालुक्याच्या गावात ते प्रत्यक्ष जमणार नाही, ऑनलाइन धरून बऱ्यापैकी जमतं. नुसत्या ऑनलाइनवर मात्र राहू नये. मोबाइल बंद केला की कुणाला पत्ता लागत नाही, आणि चहाची ती पंधरा मिनिटं तिथे मिळत नाहीत.

पगाराचा दिवस, दिवाळीचा बोनस, गावची यात्रा, लग्नाची वरात, आषाढातली गटारी, 31 डिसेंबर हे दिवस कॅलेंडरवर आत्ताच खुणेने मांडून ठेवा आणि त्या दिवशीची मीटिंग आधी ठरवा. जाण्या-येण्याचा रस्ताही बघा. परत येताना स्टँडसमोरच्या बारपुढून रात्री नऊला पाऊण तास एसटीची वाट बघायची असेल, तर ती योजनाच चुकीची आहे. कुणाच्या गाडीवर मागे बसून यावं, किंवा लवकरची मीटिंग निवडावी. आणि जाताना पोटात काहीतरी असू द्या. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार गोष्टींत माणूस प्यायला जातो असं एएवाले सांगतात, त्यातल्या पहिल्या गोष्टीवर घरच्यांना इलाज करता येतो.

तुम्ही सोबत जावं का? मीटिंग दोन प्रकारची असते. ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं, घरचे, डॉक्टर, विद्यार्थी. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्याला दारू थांबवायची आहे त्याच्यासाठी. पहिल्यांदा ओपन असेल तर जरूर जा आणि मागे बसून ऐका. त्यानंतर त्याला एकट्याला जाऊ द्या. बाहेर गाडीत राखण करत बसू नका, घरी आल्यावर कोण काय बोललं विचारू नका. तोंडाचा वास घेणं, खिसे तपासणं, कारखान्यात फोन करून आलाय का विचारणं, हे सगळं तुम्ही काळजीने करता हे मला कळतं. पण त्याने तो पिणं थांबवत नाही आणि तुमची झोप मात्र जाते.

तुमच्यासाठी वेगळी जागा आहे, तिचं नाव अल-अॅनॉन. पिणाऱ्याच्या बायकोचा, आईचा, बहिणीचा, मुलांचा गट. अमेरिकेत 1951 साली सुरू झाला, महाराष्ट्रातही त्याच्या मीटिंगा होतात, ऑनलाइनही असतात. तिथे पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं: हे मी घडवलेलं नाही, मला ते आवरता येणार नाही, मला ते बरं करता येणार नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 1986 साली मुक्तांगण सुरू केलं, आणि घरच्यांनाही उपचारात धरायचं ही दृष्टी महाराष्ट्रात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. भावजय असेल तर तिला घेऊन जा. भाऊ मीटिंगला जायला नाही म्हणाला, तरी तुमचं जाणं थांबवू नका. घरातल्या एका माणसाची वागण्याची पद्धत बदलली की पिणाऱ्यालाही ते जाणवतं.

औषधांचं नीट ऐका. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर मीटिंग सुरू झाली म्हणून बंद करायच्या नाहीत. गटातला एखादा उत्साही माणूस 'गोळ्यांची काय गरज' म्हणेल. ते त्याचं मत आहे, एएचं नाही. एए औषधोपचाराबद्दल सल्ला देत नाही. डायसल्फिरामची गोळी, म्हणजे जिच्यावर दारू प्यायली तर अंगाला त्रास होतो ती, चालू असेल तर त्याला माहीत असूनच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. चहात-भाजीत लपवून कुठलीही गोळी किंवा पूड देऊ नका, त्यावर दारू प्यायल्यास जिवावर बेतू शकतं. 2020 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात 27 अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र केली गेली. पूर्णपणे न पिता राहण्याच्या बाबतीत एए आणि बारा पायऱ्यांकडे नेणारे उपचार इतर मान्य उपचारांच्या तोडीचे, पुष्कळदा सरस ठरले. त्यामुळे डॉक्टर की मीटिंग असं भांडण लावू नका, दोन्ही चालू दे.

तो घसरला तर? 'स्लिप झाली' असं तिथे म्हणतात. घसरण झाली म्हणून मीटिंग बंद करायची नाही, उलट दुसऱ्या दिवशीच जायचं. प्यायलेला असताना गेला तरी शांत बसला तर सहसा बसू देतात, बोलायला देत नाहीत. तो म्हणेल, 'आता कुठल्या तोंडाने जाऊ?' त्या खोलीतल्या पुष्कळ जणांची घसरण झालेली असते आणि ते त्याला हेच सांगतील की बरं झालं आलास. पण तो पुन्हा रोज भरपूर प्यायला लागला असेल, तर घरी कोंडून एकदम बंद करू नका. दारू थांबल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांत भास, गोंधळ, ताप, प्रचंड थरथर सुरू होऊ शकते. तेव्हा मीटिंग नाही, थेट रुग्णालय.

स्त्रिया हे वाचत असतील आणि प्रश्न स्वतःच्या पिण्याचा असेल, तर फोनवर आधी स्त्री सभासदाशी बोलायचं आहे असं स्पष्ट सांगा. लहान गावातल्या गटात बहुतेक पुरुषच असतात. मोठ्या शहरांत आणि ऑनलाइन फक्त स्त्रियांच्या मीटिंगा आहेत, सुरुवात तिथून करा.

ताई, या आठवड्यात एवढं करा. केंद्राच्या समुपदेशकांना फोन, संकेतस्थळावरून दोन गटांचे नंबर, भावाच्या या महिन्याच्या पाळ्यांचा कागद. संध्याकाळी तो जेवून निवांत असताना हे समोर ठेवा आणि एकच विचारा, 'यातली पहिली कुठली?' आज नको म्हणाला तर वाद घालू नका, कागद फ्रिजवर लावून ठेवा आणि तुमच्या अल-अॅनॉनच्या मीटिंगची वेळही त्यावरच लिहा. सहा मीटिंगा करून एखादा गट त्याला पटलाच नाही, तर दुसऱ्या वारचा किंवा दुसऱ्या गावचा गट बघा, किंवा केंद्रातून उपचार घेतलेल्यांचा पाठपुरावा गट असतो त्यात बसवा. सलग दोन आठवडे कुठेच जाणं झालं नाही असं दिसलं, तर घसरण्याची वाट न बघता समुपदेशकांची भेट ठरवा.